चेहऱ्यावर राठ केस येतायत? लेझरचं पॅकेज घ्यायच्या आधी हे वाचा

रेझर फिरवला की केस जाड येतात हे आधी डोक्यातनं काढून टाका. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन बाईंनी पुरुषांच्या दाढीवर हे मोजून बघितलं होतं, ना केस जाड झाले ना लवकर वाढले. केस मध्येच कापला की टोक बोथट होतं म्हणून हाताला खुंट लागतो एवढंच, मुळाला त्याचा पत्ताही नसतो. मुळाला पत्ता लागतो तो हार्मोनचा, आणि आपण सगळ्या नेमकं तेच सोडून बाकी सगळं करत बसतो, पार्लर, कटोरी वॅक्स, बेसन हळद, मग कुणीतरी सांगतं म्हणून लेझरचे सहा सेशन, आणि वर्षभराने हनुवटीवर परत तेच. म्हणून माझं म्हणणं एवढंच की केस काढायला आजच सुरुवात करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण मोठे पैसे घालवायच्या आधी केस का येतायत ते शोधा.

कुठले केस मनावर घ्यायचे

सगळ्या बायकांच्या चेहऱ्यावर लव असते. गालावर, कपाळावर, ओठांवर, मऊ, बारीक, फिकट. ती आजारपणाची खूण नाही आणि ती सगळी काढलीच पाहिजे असंही कुठे लिहिलेलं नाही. आपल्याकडे केस मुळात काळे, त्यामुळे लव उठून दिसते, आणि घरात आई मावशी आत्या सगळ्यांच्या ओठांवर असेल तर तुमच्याही असणार.

मनावर घ्यायचे ते राठ, काळे, लांब होणारे केस, आणि तेही पुरुषांना जिथे येतात तिथे आलेले. ओठांवर, हनुवटीवर, जबड्याच्या कडेने, छातीच्या मध्ये, बेंबीखालची रेघ, पाठ, मांड्या. डॉक्टर लोक यासाठी फेरीमन-गॅल्वे स्कोअर वापरतात, ही पद्धत १९६१ ची, आता शरीराच्या ९ जागा बघून प्रत्येकीला ० ते ४ मार्क देतात. पूर्वी ८ च्या पुढे गेलं की जास्त समजायचे, आताच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये ४ ते ६ पासूनच लक्ष द्या म्हणतात. पण आपण नेहमी काढत असतो त्यामुळे आरशात बघून स्कोअर कमीच भरतो, म्हणून डॉक्टरकडे जाताना महिनाभर तरी काढू नका, आणि ते जमण्यासारखं नसेल (ऑफिस, कॉलेज, समजू शकते) तर वाढलेले असताना फोटो काढून ठेवा. किती दिवसांनी काढावे लागतात हेही सांगा, आठवड्याने आणि महिन्याने यात फार फरक आहे.

हातापायावर, पूर्ण अंगावर सारखीच लव वाढली असेल तर ते वेगळं प्रकरण, ते पुरुषी हार्मोनमुळे नसतं. काही औषधांनी तसं होतं, उदाहरणार्थ फिटसाठीची फेनिटॉइन, किंवा डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल कपाळावर गालावर ओघळून. आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे गोरं व्हायच्या नावाखाली मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइड क्रीम. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं कुठलंही नाव ट्यूबवर असेल आणि डॉक्टरने लिहून न देता तुम्ही ते महिनोन्‌महिने चेहऱ्याला चोळताय तर त्यानेच केस वाढतात, चेहरा लाल होतो, त्वचा पातळ होते, पुरळ येतं. २०१८ पासून अशा बऱ्याच क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे पण मिळतात, सगळ्यांना माहितीये. एकदम बंद केलं तर चेहरा भडकतो, त्यामुळे स्किनच्या डॉक्टरला ट्यूब दाखवून बंद करा.

कारण, म्हणजे पाळीचा हिशोब

बाईच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, असतं, थोडंसं, बीजकोशातून आणि किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीतून येतं. ते वाढलं किंवा केसांची मुळं त्याला जास्तच संवेदनशील असली की मऊ लवेचा राठ केस होतो, आणि एकदा झाला की तो आपणहून परत लव होत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे गोळ्यांच्या वेळी कामाला येईल.

सगळ्यात कॉमन कारण पीसीओएस (बीजकोश आणि हार्मोनची गडबड, पाळी बिघडते ती), जास्त केस असलेल्या दर १० बायकांत ७-८ जणींचं हेच निघतं. त्यात इन्शुलिनचा मोठा हात असतो. शरीर इन्शुलिनला दाद देत नाही म्हणून ते जास्त बनतं, जास्त इन्शुलिन बीजकोशाला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं आणि वर लिव्हरमधून येणारं एसएचबीजी नावाचं प्रोटीन कमी करतं. हे प्रोटीन टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं, ते कमी म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन जास्त. मान काळी पडते, काखेत काळं जाड मखमलीसारखं होतं ते याच इन्शुलिनमुळे, आणि बिचाऱ्या मुली घासणीने मान घासत बसतात, घरचे म्हणतात अंघोळ नीट करत नाहीस.

पाळी ३५ दिवसांच्या पुढे जात असेल, २१ च्या आत येत असेल किंवा वर्षात ८ पेक्षा कमी वेळा येत असेल तर ती अनियमित. नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींना हा नियम लावू नका, पहिलं वर्ष तर काहीही होतं, पुढची दोन वर्षं ४५ दिवसांपर्यंत चालतं. गेल्या वर्षभराच्या तारखा लिहून काढा, कॅलेंडरवर असतील, मोबाइलमध्ये असतील, नसतील तर आजपासून. डॉक्टरने काहीही विचारायच्या आधी ही तारखांची यादी समोर ठेवली तर अर्धं निदान तिथेच होतं.

पाळी अगदी वेळेवर, रिपोर्ट नॉर्मल आणि तरीही केस, असंही बऱ्याच जणींचं असतं. तिथे मुळंच हळवी असतात, उपचार जवळपास तेच. बाकी कारणं कमी पण तपासावी लागतात, ॲड्रिनलचा जन्मजात दोष जो उशिरा दिसतो, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हार्मोन जास्त होतं तो आजार), व्हॅलप्रोएट किंवा डॅनाझॉलसारखी औषधं, जिममध्ये कुणी देतं ते ॲनाबॉलिक स्टेरॉइड.

आणि आता हे नीट वाचा. केस काही महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, पुरुषांसारखं टक्कल पडायला लागलं, क्लिटोरिसचा आकार वाढला, किंवा पाळी जाऊन वर्षं झाली आणि आता अचानक दाढीसारखं यायला लागलं, तर पार्लर नाही, होमिओपॅथी नाही, सरळ डॉक्टर, याच आठवड्यात. बीजकोश किंवा ॲड्रिनलची गाठ असू शकते. क्वचित असते, पण असते. (पाळी गेल्यावर हनुवटीवर चारदोन राठ केस येणं वेगळं, ते इस्ट्रोजेन कमी झाल्याने बऱ्याच बायकांना येतात, चिमट्याने काढा आणि विसरून जा.)

तपासणी करताना

गायनॅक किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट, कुणाकडेही सुरुवात करा. रक्त शक्यतो पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी द्यायचं. टोटल टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, १७-ओएच प्रोजेस्टेरॉन (ॲड्रिनलच्या त्या दोषासाठी, हे सकाळीच आणि पाळीच्या सुरुवातीलाच पाहिजे नाहीतर आकडा फसवतो), टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन, गरज वाटली तर डीएचईएएस (ॲड्रिनलचं हार्मोन). सोबत शुगर, आणि जमलं तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती, कारण पीसीओएसमध्ये उपाशीपोटीची शुगर नॉर्मल येऊन मागे गडबड असू शकते. टेस्टोस्टेरॉन १५०-२०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे आलं तर गाठ आहे का हे बघावंच लागतं.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन केलं तर खोटं कमी येतं, तीन महिने बंद असल्या पाहिजेत, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारून करा. दुसरी बायोटिन, हे एक व्हिटॅमिन. डोक्यावरचे केस गळतात म्हणून निम्म्या जणी ते खातात, आणि हाय डोसचं बायोटिन असेल तर काही मशीनवर थायरॉइड, टेस्टोस्टेरॉनचे आकडे साफ चुकतात. रक्त द्यायच्या दोनतीन दिवस आधीपासून थांबवा आणि लॅबला सांगा.

सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन रडत बसायचं नाही. त्यात बल्की ओव्हरी, पीसीओ पॅटर्न असं लिहून आलं म्हणजे आजार ठरत नाही. २००३ मध्ये रॉटरडॅमला पीसीओएसचे जे निकष ठरले त्यात तीनपैकी दोन लागतात, अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनची लक्षणं किंवा रक्तात वाढ, आणि सोनोग्राफी, आणि तेही बाकी आजार नाहीत हे बघून. म्हणजे पाळी अनियमित आणि केस राठ असतील तर मोठ्या बाईत सोनोग्राफीशिवायही निदान होतं, २०२३ च्या गाइडलाइनने तर सोनोग्राफीऐवजी एएमएच या बीजकोशातल्या हार्मोनची रक्त तपासणीही चालेल म्हटलंय. पाळी सुरू होऊन ८ वर्षं झाली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नका असंही आहे, कारण त्या वयात बीजकोश तसेच दिसतात. लग्न झालेलं नसेल तर सोनोग्राफी पोटावरून करतात, लघवी तुंबवून, त्यामुळे योनीतून करतील की काय या भीतीने तपासणी टाळू नका.

तोपर्यंत केस काढायचे कसे

रेझर, मी पहिला नंबर यालाच देते. आयब्रो रेझर मिळतो छोटा, चेहरा धुऊन थोडं ॲलोवेरा जेल लावून केसांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा, पिंपल असेल तिथे नाही, ब्लेड वेळेवर बदला, बहिणीचा वापरायचा नाही, नंतर मॉइश्चरायझर. दुखत नाही, स्वस्त आहे, लेझर चालू असताना पण चालतो.

थ्रेडिंग ओठांवर ठीक, पण हनुवटी आणि जबड्यावर राठ केस ओढले की पुष्कळ जणींना फोड येतात, केस आतल्या आत वळतात आणि मग ते काळे डाग. डाग केसांपेक्षा चिवट असतात, आपल्या त्वचेला तर फारच. पार्लरवाली दोरा दातात धरत असेल तर गळ्यात अडकवून करायला सांगा, तोंडातला दोरा आपल्या चेहऱ्यावर कशाला, आणि थ्रेडिंगमधून चामखीळ पसरलेली उदाहरणं आहेत. वॅक्स करत असाल आणि रात्री रेटिनॉल किंवा अॅडापलीन लावत असाल तर आठवडाभर आधी ते बंद, नाहीतर कातडी सोलून निघते. केस काढायची क्रीम चेहऱ्यासाठीचीच घ्या, कानामागे किंवा कोपरात लावून एक दिवस थांबा. ब्लीच बारीक लवेला चालतं, राठ केसाला केलं तर सावळ्या हनुवटीवर सोनेरी दाढी दिसते, त्यापेक्षा काळी बरी.

हळद, डाळीचं पीठ, पपई, तुरटी, याने राठ केस जातात याला काही आधार नाही. लिंबू तर लावूच नका, लावून उन्हात गेलात तर चट्टे उठतात. आणि ते लहानपणी पिठाच्या गोळ्याने अंग चोळलं नाही म्हणून पोरीला केस आले, हे जे आयांना ऐकवतात ना सासरकडून, त्याला शून्य अर्थ आहे. बाळाची लव तशीही आपोआप झडते. पुदिन्याच्या चहावर छोटे अभ्यास झालेत, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन थोडं उतरलं पण महिनाभरात केसांत मोजता येईल असा फरक दिसला नाही. आवडत असेल तर प्या.

गोळ्यांबद्दल

इथे धीर लागतो. केसाचं चक्र लांब असतं, आज औषध सुरू केलं तर ६ महिने झाल्याशिवाय बोलायचंच नाही, आणि आधीच राठ झालेले केस गोळीने गळून पडत नाहीत, नवीन येणं कमी होतं, जाडी कमी होते, काढायचं अंतर वाढतं. दोन महिन्यांत काही झालं नाही म्हणून सोडणाऱ्या खूप, आणि सोडलं की हळूहळू परत.

पहिली गोळी बहुधा गर्भनिरोधकच असते. घरात एकच कल्लोळ, लग्नाआधी असल्या गोळ्या, पुढे मूल होणार नाही वगैरे. तसं काही होत नाही, बंद केल्यावर बीज तयार होणं पुन्हा सुरू होतं. ती बीजकोशाचं टेस्टोस्टेरॉन कमी करते, एसएचबीजी वाढवते, पाळीही लावते, आणि पाळी लागणं गरजेचं आहे कारण महिनोन्‌महिने न आल्यास गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. पण आधी ब्लड प्रेशर मोजा, आणि रक्ताची गुठळी कधी झालीय का, डोळ्यासमोर चमकून मग डोकं दुखणारं मायग्रेन आहे का, पस्तिशीनंतर सिगरेट ओढता का, स्तनाचा कॅन्सर झालाय का, हे खरं खरं सांगा, यातलं काही असेल तर ही गोळी नको. पोटरी एकाच बाजूची सुजली, दुखली, छातीत दुखलं, दम लागला तर तशाच दवाखान्यात जा. मैत्रिणीची पट्टी बघून मेडिकलमधून आणायची ही गोळी नाही.

सहा महिन्यांत पुरेसं झालं नाही तर स्पायरोनोलॅक्टोन जोडतात. मेडिकलवाला म्हणेल ही तर बीपीची, लघवीची गोळी आहे, असू दे, ती टेस्टोस्टेरॉनला केसाच्या मुळाशी अडवते. मुलगा पोटात असेल तर त्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो म्हणून ही घेताना गर्भ राहता कामा नये, हे अगदी पक्कं. किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियम तपासतात. फिनास्टेराइड ही पुरुषी हार्मोनचा जोर कमी करणारी दुसरी गोळी, तिचंही तसंच, गर्भ नको. फ्लुटामाइड कुणी लिहून दिलं तर परत विचारा, लिव्हरला धोका असतो म्हणून केसांसाठी ते टाळा असं गाइडलाइन सांगते. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी शुगर आणि पाळीसाठी चांगली, केसांसाठी फार आशा ठेवू नका.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी इन्शुलिन आणि पाळीत फरक पडतो, केसांत थोडा. पण बारीक बायकांनाही पीसीओएस असतं, तेव्हा वजन कमी कर एवढंच बोलून डॉक्टरने वाटेला लावलं तर दुसरा डॉक्टर बघा.

वरून लावायचं एफ्लोर्निथिन क्रीम, १३.९ टक्के, दिवसातून दोनदा. केस काढत नाही, वाढ मंदावते. दोन महिन्यांनी कळतं, बंद केलं की दोनेक महिन्यांत पहिल्यासारखं. लेझरसोबत वापरलं तर चांगलं काम करतं.

लेझर

लेझर केसातल्या काळ्या रंगाला पकडून मुळाला भाजतं. म्हणून राठ काळ्या केसावर उत्तम, पांढऱ्यावर शून्य, आणि त्वचा सावळी असेल तर तीही भाजू शकते. आपल्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-यॅग सगळ्यात सुरक्षित, डायोड ८०० ते ८१० पण चालतं चांगल्या हातात. अलेक्झांड्राइट ७५५ गोऱ्या कातडीचं. घरी वापरायची आयपीएल (लेझर नाही, प्रकाशाचे झोत टाकणारी) मशीन घेण्याआधी डब्यावरचा त्वचेच्या रंगाचा तक्ता बघा, गडद रंगाला चालत नाहीत.

चेहऱ्याला ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने साधारण ६ ते ८ सेशन लागतात, हार्मोनचं कारण असेल तर जास्त, आणि नंतरही अधूनमधून. कायमचे जातील असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तिथून उठा, अमेरिकेच्या एफडीएनेही लेझरला कायमचं कमी होणं एवढंच म्हटलंय, कायमचं जाणं फक्त इलेक्ट्रोलिसिसला. हे आधी रक्त तपासा म्हणण्यामागचं कारण. आत टेस्टोस्टेरॉन तसंच वाढलेलं असेल तर लेझर जुने केस जाळतं आणि हार्मोन शेजारच्या लवेचे नवीन राठ केस बनवतं, हप्ते मात्र तुम्ही भरताय.

अजून एक, फुल फेसच्या पॅकेजला हो म्हणू नका. गालावरची, जबड्याच्या कडेची, मानेची बारीक लव लेझरने जात नाही, उलट कधीकधी ती जाड होऊन वाढते, आणि हे आपल्यासारख्या त्वचेत आणि पीसीओएस असलेल्यांत जास्त दिसतं. राठ केस आहेत तेवढ्याच जागा करा. मशीन कुठलं, चालवणार कोण, डॉक्टर तिथे हजर असतात का, पॅच टेस्ट करणार का, एवढं विचारा आणि पॅकेजऐवजी एकेक सेशनचे पैसे भरता येतील का बघा. आधीचे ४ ते ६ आठवडे थ्रेडिंग, वॅक्स, चिमटा बंद, मुळात केसच नसेल तर लेझर पकडणार काय, फक्त रेझर. ऊन टाळा, सनस्क्रीन लावा. लग्नाची तारीख ठरली की महिनाभर आधी धावतपळत जातात, त्याचा उपयोग नाही, सातआठ महिने हाताशी ठेवा.

पांढरे केस असतील तर इलेक्ट्रोलिसिस, एकेका मुळात सुई घालून करंट. वेळ खातं, दुखतं, करणारे कमी आहेत, पण हनुवटीवरच्या दहाबारा केसांना चांगलं.

लोकांचं

२०२४ मध्ये उत्तर प्रदेशात दहावीला पहिली आलेल्या मुलीचे मार्क सोडून लोक तिच्या ओठांवरच्या केसांवर तुटून पडले होते. शाळकरी मुलगी. घरात वयात आलेली मुलगी असेल तर सगळ्यांदेखत तिच्या चेहऱ्याकडे बघून काही बोलू नका आणि मामी काकूंनाही बोलू देऊ नका. पीसीओएसमध्ये उदास वाटणं, घाबरं होणं जास्त असतं, हे आता गाइडलाइनमध्येच आहे, म्हणून झोप उडाली असेल, बाहेर जाणं टाळायला लागली असेल तर तेही डॉक्टरला सांगायचं लक्षणच आहे. ८ वर्षांच्या आत काखेत किंवा खाली केस आले तर मुलांच्या डॉक्टरला दाखवा.

आणि मूल हवं असं ठरलं की आधी डॉक्टरशी बोला, स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड, गर्भनिरोधक गोळ्या सगळं त्याआधी थांबतं, कुठलं किती दिवस आधी ते डॉक्टर सांगतील. एफ्लोर्निथिन आणि लेझरही गरोदरपणात शक्यतो नकोच, तेवढे महिने थ्रेडिंग किंवा रेझर.